मुक्त व्यापार करार, परकीय खाण-गुंतवणूक आणि मानवी हक्क : एल साल्वादोरचा अनुभव

प्रस्तावना :
इ.स. १९९० नंतरच्या जागतिकीकरणाच्या काळात मुक्त व्यापार करारांचे स्वरूप आयात-शुल्क कमी करण्यापुरते मर्यादित राहिले नाही. यजमान राष्ट्राविरुद्ध थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागण्याचा हक्क यांपैकी अनेक करारांनी परकीय गुंतवणूकदाराला बहाल केला. ज्यांच्या भूमीवर ही गुंतवणूक होते, त्या लोकांना मात्र तसा हक्क मिळाला नाही. या विषमतेचे मानवी हक्कांवर काय परिणाम होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशातील सोन्याच्या खाणीच्या वादाच्या आधारे केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एल साल्वादोर हा सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, दाट लोकवस्तीचा देश. १९८० ते १९९२ या काळातील यादवी युद्ध शांतता कराराने संपले आणि त्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी आर्थिक उदारीकरणाचे धोरण स्वीकारले. १९९५ चा खाण कायदा व १९९९ चा गुंतवणूक कायदा ही त्याचीच फलिते होत. २००२ मध्ये पॅसिफिक रिम या कॅनेडियन कंपनीने काबान्यास प्रांतातील 'एल दोरादो' हा खाणप्रकल्प हाती घेतला व २००४ च्या अखेरीस उत्खननाच्या परवान्यासाठी अर्ज केला.

हा प्रांत लेम्पा नदीच्या खोऱ्यात मोडतो. देशाचा सुमारे निम्मा भूभाग या खोऱ्याने व्यापला असून राजधानीच्या पाणीपुरवठ्याची मोठी भिस्त याच नदीवर आहे. सोने वेगळे करण्यासाठी सायनाइड वापरले जाते व प्रचंड पाणी लागते. त्यामुळे शेतकरी व ग्रामस्थ संघटित झाले आणि २००५ मध्ये धातू-खाणविरोधी राष्ट्रीय मंच स्थापन झाला. लोकमताच्या रेट्यामुळे शासनाने परवाना दिला नाही. २००८ मध्ये उजव्या विचारसरणीचे अध्यक्ष आंतोनियो साका यांनी खाणकामास जाहीर विरोध दर्शविला. २००९ मध्ये सत्तेवर आलेल्या डाव्या पक्षाच्या मौरिसियो फुनेस यांनीही तेच धोरण पुढे चालविले.

करार आणि खटला :
अमेरिका व मध्य अमेरिकी राष्ट्रे यांच्यातील मुक्त व्यापार करार एल साल्वादोरपुरता मार्च २००६ मध्ये अमलात आला. कॅनडा या कराराचा सदस्य नव्हता. डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने केमन बेटांवरील आपल्या उपकंपनीची नोंदणी अमेरिकेतील नेवाडा राज्यात हलविली आणि एप्रिल २००९ मध्ये जागतिक बँक समूहातील गुंतवणूक-विवाद निवारण केंद्राकडे दावा दाखल केला. दाव्याची रक्कम एका टप्प्यावर ३० कोटी डॉलरच्या वर पोहोचली होती.

अमेरिकेत उपकंपनीचा भरीव व्यवसाय नसल्याने तिला या कराराचा लाभ घेता येणार नाही, असा निर्णय लवादाने जून २०१२ मध्ये दिला. तथापि देशाच्याच १९९९ च्या गुंतवणूक कायद्यान्वये खटला चालू राहिला. दरम्यान २०१३ मध्ये ओशियानागोल्ड या कंपनीने पॅसिफिक रिम विकत घेतली. अखेर १४ ऑक्टोबर २०१६ रोजी लवादाने दावा फेटाळला. खाण कायद्यानुसार आवश्यक असलेली जमीनमालकी अथवा जमीनमालकांची संमती कंपनीकडे संपूर्ण क्षेत्रासाठी नव्हती. कंपनीने शासनाला खर्चापोटी ८० लाख डॉलर द्यावेत, असा आदेश झाला. शासनाचा प्रत्यक्ष खर्च मात्र १ कोटी २० लाख डॉलरपेक्षा अधिक झाला होता.

मानवी हक्कांचा प्रश्न :
या सात वर्षांच्या खटल्यात पाणी ज्यांचे, ते पक्षकार नव्हते. त्यांच्या मंचाला केवळ त्रयस्थ म्हणून लेखी निवेदन देता आले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जुलै २०१० मध्ये पाण्याचा हक्क हा मानवी हक्क म्हणून मान्य केला, तेव्हा हा खटला चालूच होता. परंतु लवादापुढील वादाचा विषय गुंतवणूकदाराचे नुकसान हाच राहिला.

दुसरा प्रश्न जीविताच्या हक्काचा. जून २००९ मध्ये मार्सेलो रिवेरा हे काबान्यासमधील खाणविरोधी कार्यकर्ते बेपत्ता झाले व पुढे त्यांचा मृतदेह विहिरीत सापडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी दोन कार्यकर्त्यांची हत्या झाली. त्यांतील एक गर्भवती स्त्री होती. कंपनीने या घटनांशी आपला संबंध नाकारला आणि तसा संबंध सिद्धही झाला नाही. तथापि परवान्याचा वाद ज्या गावांत धगधगत होता, तेथील भयाची नोंद कोणत्याही नुकसानभरपाईच्या हिशेबात झाली नाही.

भारतीय संदर्भ :
हा प्रश्न आपणांस परका नाही. कोल इंडियाशी पिपरवार कोळसा खाणीचा करार करणाऱ्या व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारतीय न्यायालयांतील विलंबाबद्दल गुंतवणूक कराराच्या आधारे २०११ मध्ये भारताविरुद्ध निवाडा मिळविला. त्यानंतर भारताने २०१५ च्या नमुना करारात आधी किमान पाच वर्षे देशांतर्गत न्यायमार्ग अवलंबण्याची अट घातली आणि बहुसंख्य जुने करार संपुष्टात आणले. या फेरविचारात राज्यसंस्थेच्या अधिकाराला संरक्षण मिळाले. प्रकल्पग्रस्तांना मात्र लवादापुढे स्थान मिळाले नाही.

निष्कर्ष :
२९ मार्च २०१७ रोजी एल साल्वादोरच्या विधिमंडळाने सर्व धातूंच्या खाणकामावर बंदी घातली. अशी संपूर्ण बंदी घालणारे ते जगातील पहिले राष्ट्र ठरले. परंतु अध्यक्ष नायिब बुकेले यांच्या कारकिर्दीत २३ डिसेंबर २०२४ रोजी त्याच विधिमंडळाने ही बंदी उठविली. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. लवादापुढील विजय हा राज्यसंस्थेचा विजय असतो. तो आपोआप जनतेचा हक्क ठरत नाही. आणि जो हक्क केवळ शासनाच्या अनुकूलतेवर विसंबून असतो, तो शासनाचे मत बदलताच नाहीसा होऊ शकतो. म्हणून गुंतवणूक करारांची चिकित्सा करताना राष्ट्र विरुद्ध कंपनी एवढाच विचार पुरेसा नाही. बाधित लोकसमूहाला स्वतःच्या नावाने दाद मागता येते काय, हाच मानवी हक्कांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होय.