सुधारणेचं गाडं

माणसाचा जन्म सुधारणा करण्यासाठी आहे, असं थोरामोठ्यांच्या चरित्रांत वाचलं होतं. समाज सुधारण्याची आपली ऐपत नाही हे मला लग्नानंतर लवकरच कळलं, म्हणून मी एक मोटार सुधारायला घेतली. मोटार म्हणजे दारात उभी असते ती नव्हे. ती सुधारण्याच्या पलीकडे गेली होती. ही मोटार हातभर लांबीची, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, विजेवर चालणारी आणि रेडिओच्या लहरींवर वळणारी. आमचे चिरंजीव निखिल तेरा वर्षांचे झाले तेव्हा, म्हणजे २०१२ साली, वाढदिवसाची भेट म्हणून ती सुट्या भागांच्या रूपानं आमच्या पुण्याच्या घरात आली. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. दोष गाडीचा नव्हताच.

"खेळणं आहे ना हे?" हिने विचारलं.

"खेळणं काय म्हणतेस? डांबरी ट्रॅकवरची टूरिंग कार आहे ती!"

"किंमत ऐकून तसंच वाटलं," ही म्हणाली.

ज्या गोष्टीपायी आपला पगार जाणार तिची कुळकथा तरी ठाऊक असावी, म्हणून मी वाचायला बसलो. या घराण्याचा मूळपुरुष गाडी नसून होडी निघाला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लानं पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली आणि हात न लावता ती वळवून दाखवली. बिनतारी लहरी ही काय चीज आहे हे तेव्हा सामान्य माणसाच्या गावीही नव्हतं. कुणाला ती जादू वाटली, आणि होडीच्या पोटात शिकवलेलं माकड बसवलं असावं अशीही शंका काहींनी काढली म्हणतात. पुढे माझी गाडी पाहून आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी हीच शंका काढली. फक्त त्यांचा रोख गाडीच्या पोटाकडे नव्हता, रिमोट धरणाऱ्याकडे होता.

होडीची गाडी व्हायला अडुसष्ट वर्षं लागली. १९६६ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या 'एलेत्रोनिका जोकात्तोली' या कंपनीनं एक बारांश मापाची फेरारी २५० एलएम बाजारात आणली. दुकानात जाऊन विकत घेता येईल अशी पहिली रेडिओ-गाडी ती, असं मानतात. पण हे वेड घरोघर पोचवलं ते जपानातल्या शिझुओका शहरानं. तिथे १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकडाची वखार काढली. लाकडाबरोबर खेळण्यातली लाकडी जहाजंही होऊ लागली. १९५१ साली आग लागली आणि माल जळाला. पुढे वखार बंद झाली आणि खेळणी तेवढी उरली. त्यांचे चिरंजीव शुन्साकु हे वडिलांच्याही वरचढ. पोर्शे गाडीचा हुबेहूब छोटा नमुना करायचा म्हणून त्यांनी एक खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मापं घेण्यासाठी ती चक्क खोलून टाकली! त्याच खटाटोपातून १९७६ च्या अखेरीस रेडिओवर धावणारी पोर्शे ९३४ बाहेर पडली.

हा मजकूर मी हिला मोठ्या भक्तिभावानं वाचून दाखवला. ही म्हणाली, "दारातल्या गाडीला पाना लावलात तर याद राखा."

त्या पहिल्या पिढीच्या गाड्यांचा वेग आवरायची युक्ती मजेदार होती. एक पट्टी सरकायची आणि वीज रोधातून जायची. गाडी सावकाश चालवायची झाली तर वाचलेल्या विजेची नुसती उष्णता व्हायची आणि रोध हात पोळेल इतका तापायचा. कामाचा वेग कमी आणि तापणं जास्त, हा गुण मी कचेरीत माझ्या वरिष्ठांमध्येही पाहिला आहे. पुढे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले. ते सेकंदाला शेकडो-हजारो वेळा वीज जोडतात आणि तोडतात, त्यामुळे वेग हवा तेवढा मिळतो आणि ताप कमी होतो. वरिष्ठांच्या बाबतीत असा शोध अजून लागायचा आहे.

ऐंशीच्या दशकात सगळं जग मातीत उड्या मारणाऱ्या बग्गीच्या मागे लागलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीला तामियानं चारही चाकांना जोर देणाऱ्या बग्गीच्या सांगाड्यावरच रस्त्यावरच्या गाडीचा साज चढवला. ही टूरिंग कार. हिला माती नको, टेकाड नको; रविवारी रिकामं पडलेलं एखादं पार्किंगचं डांबरी आवार पुरे. मध्यमवर्गाला परवडेल असं मैदान मिळालं आणि मध्यमवर्ग ताबडतोब न परवडणाऱ्या सुधारणांच्या मागे लागला. मी थोडा उशिरा लागलो, एवढंच.

सुधारणेची सुरुवात नेहमी स्वस्तात होते. आमच्या गाडीतले आस प्लास्टिकच्या बुशांत फिरत होते. ते काढून मी बॉल बेअरिंग बसवली. खर्च थोडा आणि गुण ताबडतोब! चाकाला टिचकी मारली की ते आपलं फिरतंच आहे. मग शॉक अॅब्सॉर्बर. पेटीतले नुसत्या घर्षणावर चालणारे होते, त्या जागी तेल भरलेले घातले. सोसायटीच्या डांबरावरच्या प्रत्येक सांध्याला गाडी बेडकासारखी उडायची, ती जमिनीला चिकटून पळू लागली. इथे मी थांबायला हवं होतं. यानंतरची प्रत्येक टिचकी माझ्या खिशाला बसली.

कारण मग मी मोटार बदलली. पेटीतली ५४० मापाची गरीब मोटार काढून एक तिखट मोटार बसवली. तिच्या जोरानं डिफरन्शियलचे दाते गेले. दाते धातूचे घातले, तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला दांडा पिळवटला. दांडा अॅल्युमिनियमचा केला, तर बॅटरी धापा टाकू लागली. पूर्वी या गाड्या निकेल-कॅडमियमच्या सहा घटांवर, म्हणजे ७.२ व्होल्टवर चालत. मग निकेल-मेटल हायड्राइड आली, आणि २००८ च्या आसपास शर्यतींत लिथियम पॉलिमर रूढ झाली. वजनाला हलकी, जोराला दांडगी आणि स्वभावानं जमदग्नी. जास्त चार्ज झाली किंवा टोचली गेली, तर पेट घेते. म्हणून ती न जळणाऱ्या पिशवीत ठेवून, डोळ्यांसमोर चार्ज करायची. सत्यनारायणाला बसावं तसा मी तिच्यासमोर बसून राही. ही येता-जाता विचारी, "आरती कधी आहे?"

नव्या बॅटरीनं जुना कंट्रोलर जळाला. मग नवा कंट्रोलर, आणि तो घेतोच आहोत तर त्याला शोभेल अशी ब्रश नसलेली मोटारही. गाडीचा वेग असा वाढला की पहिल्याच दिवशी ती सोसायटीच्या कठड्यावर आदळली आणि पुढचा प्लास्टिकचा हात मोडला. मी अॅल्युमिनियमचे हात बसवले. पुढच्या धडकेत हात शाबूत राहिला आणि चॅसीला तडा गेला. प्लास्टिकचा हात मोडून धक्का स्वतःवर घेत होता हे मला तेव्हा उमगलं. घरातलं एक माणूस पडतं घेणारं असतं, तेच काढून दुसरं ताठ माणूस आणलं की भिंतीला तडा जाणारच.

पण या वेडात मी एकटा नव्हतो, ही इतिहासाची कृपा. शर्यतवाल्यांनी ग्रॅम-ग्रॅम वजन कमी करण्यासाठी कार्बन फायबरच्या चॅसी घेतल्या, टायटॅनियमचे स्क्रू घेतले. त्यावर हलकी लिथियम बॅटरी आली, आणि गाड्या नियमातल्या किमान वजनाच्याही खाली गेल्या. मग त्याच लोकांनी चॅसीला शिशाचे तुकडे चिकटवले! डाएट करून वाळायचं आणि तराजूवर चढताना खिशात दगड भरायचे, असा हा मामला.

या सगळ्या धामधुमीत निखिल काय करत होता? तो मधूनमधून विचारायचा, "बाबा, मी एकदा चालवू?" आणि मी म्हणायचो, "थांब रे, अजून सेटिंग व्हायचंय." मी काढून टाकलेला प्रत्येक भाग तो उचलायचा आणि श्रूजबेरी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. पोरगं नीटनेटकं आहे, असं मला वाटायचं. मग त्यानं विचारणंच बंद केलं. पोरगं समजूतदारही झालं, असं मला वाटलं.

दीड वर्षानं आमच्या भागात एका मोठ्या पार्किंगमध्ये हौशी लोकांनी शर्यत ठेवली. जमिनीवर जाड पाइप अंथरून ट्रॅक आखला होता. दोन वर्ग होते: एक 'मॉडिफाइड' आणि एक 'स्टॉक'. या स्टॉक वर्गाला मोठी परंपरा आहे. अमेरिकेत 'रोअर' ही नियम करणारी संस्था १९६७ पासून आहे, आणि वेग वाढला की त्याला वेसण घालण्याचं काम अशा संस्था करत आल्या आहेत. मोटारीला तारेचे वेढे साडेसतराच हवेत, बॅटरी इतक्याच व्होल्टची हवी. कंट्रोलरनं आतून चोरून जोर वाढवलेला नाही हे दिसावं म्हणून त्याच्यावरचा दिवा लुकलुकत राहायला हवा, अशीही पद्धत निघाली. प्रामाणिकपणाचा असा दिवा जगात दुसरीकडे कुठे बसवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मतलब असा की, शर्यत पाकिटांची न होता माणसांची व्हावी. मी अर्थातच मॉडिफाइडमध्ये नाव दिलं.

"मी स्टॉकमध्ये दिलंय," निखिल म्हणाला.

"कुठल्या गाडीवर?"

त्यानं बिस्किटांच्या डब्याकडे बोट दाखवलं. वाढदिवसाच्या आणि दिवाळीच्या पैशातून त्यानं फक्त चॅसी आणि एक जुना रिमोट घेतला होता. बाकी सगळं माझं भंगार. आयोजकांनी स्टॉकला पेटीतल्या मोटारी चालतील असं ठरवलं होतं, आणि पेटीतली मोटार त्याच्याकडे होती. मीच दिली होती, टाकून.

माझी शर्यत दुपारी बारानंतर लागली. सकाळच्या सरावात मऊ टायरनी डांबर असं धरलं होतं की मी मनात बक्षीस समारंभाचं भाषणही जुळवलं. पण मऊ टायर थंड डांबरासाठी असतात. उन्हानं डांबर तापलं की त्यांची पकड सुटते. तिथे कडक टायर लागतात. दुसऱ्या फेरीत गाडीची चाकं लोण्यावर असल्यासारखी घसरली, गाडी कडेच्या दगडावर आपटली आणि चॅसी दुभंगली. दीड वर्षाची सुधारणा पाऊण मिनिटात आटोपली.

या खेळात आणखी एक नियम आहे. आपली शर्यत संपली की घरी जायचं नाही. पुढच्या शर्यतीला ट्रॅकच्या वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. पुढची शर्यत स्टॉकची होती. मी टोपी घालून तिसऱ्या वळणावर उभा राहिलो.

आठ गाड्या सुटल्या. निखिलची गाडी सगळ्यांत वेगवान नव्हती. पण प्रत्येक फेरीत ती वळणाच्या त्याच ठिकाणाहून, पाइपापासून तेवढ्याच अंतरावरून जात होती. इतकी सवय याला कधी झाली? गच्चीत, मी कचेरीत असताना, असं नंतर कळलं. चौथ्या मिनिटाला मागून कुणीतरी धक्का दिला आणि ती माझ्याच पायाशी येऊन उलटी पडली. मी वाकलो. गुडघा कुरकुरला. हातात घेतली तेव्हा एकेक भाग ओळखीचा दिसला: माझे प्लास्टिकचे हात, माझे जुने दाते, माझी गरीब मोटार. सगळे धडधाकट.

"बाबा, सोड! सोड!" वरच्या मचाणावरून आवाज आला. दीड वर्षात त्यानं माझ्याकडे मोटारीबद्दल केलेली ही पहिलीच मागणी. मी गाडी सोडली.

आठांत तो पाचवा आला. घरी येताना त्यानं माझी दुभंगलेली चॅसी त्याच्या डब्यात ठेवली. हिने निकाल विचारला. मी म्हणालो, "निखिल पाचवा."

"आणि तुम्ही?"

"बाबा मार्शल होते," निखिल म्हणाला. "माझी गाडी त्यांनीच उचलली."

टेस्लाच्या होडीपासून आजपर्यंत या घराण्यात बॅटरी सुधारली, मोटार सुधारली, लहरीसुद्धा सुधारल्या. शर्यतीत उलटलेल्या गाडीसाठी मात्र वळणावर अजून माणूसच उभा करतात. त्या जागेवर माझी नेमणूक पुढे बरीच वर्षं टिकली. फक्त गुडघ्याला एक बेअरिंग बसवून घ्यावं म्हणतो. ही म्हणते, "स्टॉकच राहू द्या."