युद्धछायाचित्रण : आरंभकाळ

सैन्य, रणभूमी आणि युद्धाचे परिणाम यांची कॅमेऱ्याने केलेली नोंद. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जाहीर झाल्यावर दशकभरातच तिचा युद्धाशी संबंध आला. मेक्सिको-अमेरिका युद्धातील (१८४६–४८) डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरील एकेरी चित्रे, ही या प्रकाराची सर्वांत जुनी उपलब्ध उदाहरणे मानतात.

जॉन मॅककॉश : बंगाल लष्करातील हे स्कॉटिश शल्यचिकित्सक नावानिशी ज्ञात असलेले पहिले युद्धछायाचित्रकार समजले जातात. कागदी ऋणचित्रावरून अनेक प्रती काढता येणाऱ्या कॅलोटाइप पद्धतीने त्यांनी दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धाच्या काळात (१८४८–४९) सेनापती ह्यू गॉफ, मुलतानचे दिवाण मूलराज आणि बालवयातील महाराजा दुलीपसिंग यांची लहान आकाराची व्यक्तिचित्रे घेतली. १८५२ च्या ब्रह्मी युद्धात मोठा कॅमेरा वापरून रंगून व प्रोम येथील वास्तू आणि तोफा टिपल्या. त्यांचा चित्रसंग्रह लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

क्रिमिया : रॉजर फेंटन यांनी १८५५ मध्ये तेथील युद्धात साडेतीनशेहून अधिक चित्रे घेतली. आर्द्र कोलोडियन पद्धतीत रसायन लावलेली काच ओली असतानाच प्रकाशित करून धुवावी लागे, म्हणून त्यांनी मद्यविक्रेत्याच्या गाडीचे फिरत्या अंधारखोलीत रूपांतर केले होते. काच प्रकाशित होण्यास कित्येक सेकंद लागत असल्याने प्रत्यक्ष लढाई टिपणे अशक्य होते. चित्रांत येतात त्या छावण्या, अधिकारी आणि रिकामी रणांगणे.

१८५७ चा उठाव : फेलिचे बेआतो १८५८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी लखनौ, कानपूर व दिल्ली येथील उद्ध्वस्त वास्तूंची चित्रे घेतली. लखनौच्या सिकंदर बागेतील चित्रात सांगाडे विखुरलेले दिसतात. तेथील बंडखोर शिपायांची कत्तल नोव्हेंबर १८५७ ची असून चित्र काही महिन्यांनंतरचे आहे, त्यामुळे हाडे चित्रासाठी मांडली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. उठावाची ज्ञात छायाचित्रे जवळजवळ सर्व इंग्रजांच्या बाजूने घेतलेली आहेत. राणी लक्ष्मीबाईंची म्हणून प्रसृत झालेली छायाचित्रे विश्वसनीय मानली जात नाहीत. पराभूतांची बाजू कॅमेऱ्याबाहेर राहिली, ही या दस्तऐवजाची सर्वांत मोठी उणीव होय आणि तो वाचताना ती सतत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मुंबई : फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी निगडित होते. मुंबईहून निघालेल्या ॲबिसिनिया मोहिमेत (१८६७–६८) रॉयल इंजिनिअर्सच्या छायाचित्रकारांनी प्रदेशाची चित्रे घेतली, तसेच नकाशांच्या प्रती काढल्या.

अफगाणिस्तान : जॉन बर्क यांनी दुसऱ्या अफगाण युद्धाची (१८७८–८०) चित्रे घेतली.