ट्रॉमा थेरपिस्ट म्हणजे कोण? अमरावती-अकोल्याच्या कार्यकर्त्यांसाठी माहिती

गावात अत्याचाराची घटना घडली की आपण आधी एफआयआर बघतो, कलमं बरोबर लागली का ते तपासतो, मग मेडिकल, मग समाजकल्याणकडून मिळणारी मदत. हे सगळं व्हायलाच पाहिजे. पण त्याच घरातली मुलगी तीन महिन्यांनीही झोपत नाही, दारावर थाप पडली की दचकते, कॉलेजचं नाव काढत नाही, तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं. कोणीतरी म्हणतं, समुपदेशकाकडे न्या. न्यायचं कोणाकडे, आणि त्या व्यक्तीला हे काम येतं की नाही हे ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट, 'ट्रॉमा थेरपिस्ट' नावाची वेगळी पदवी किंवा नोंदणी आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे पाटीवर ते लिहिलेलं असलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा एम.डी. झालेला डॉक्टर असतो, औषध तोच लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने आजवर मुख्यतः दोन वर्षांचा एम.फिल. केलेला असतो आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मनोसामाजिक कार्यकर्ता समाजकार्याकडून या क्षेत्रात आलेला असतो. आणि 'समुपदेशक' हा शब्द सर्वांत सैल. मानसशास्त्रात एम.ए. केलेलाही समुपदेशक आणि आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र लावणाराही समुपदेशक.

पदवी असली तरी आघातावरचं काम वेगळं शिकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा त्रासासाठी प्रामुख्याने दोन पद्धती सुचवल्या. आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर. पहिलीत घटनेनंतर मनात रुतून बसलेले विचार आणि टाळाटाळ यांच्यावर हळूहळू काम होतं. दुसरीत आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करवतात. म्हणून थेरपिस्टला सरळ विचारा, यातलं प्रशिक्षण कुठे घेतलं, कोणाच्या देखरेखीखाली किती दिवस काम केलं, आणि आजही अवघड केस कोणाशी बोलून घेता? चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने चिडत नाही. "मला कोणाची गरज नाही" म्हणणाऱ्यापासून जरा सांभाळून राहा.

याच संघटनेची आणखी एक सूचना आपल्याला थेट लागू पडते. घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं पुन्हा सांगायला लावणं, या समजुतीने की बोलल्यावर मन मोकळं होईल, हा उपचार म्हणून करू नये. आता आपल्याकडे काय होतं बघा. पोलीस विचारतात, मग डॉक्टर, मग सत्यशोधन समिती, मग दुसऱ्या संघटनेची समिती, मग यूट्यूब चॅनलवाले. प्रत्येक वेळी ती बाई तेच पहिल्यापासून सांगते. सत्यशोधन आवश्यक आहे, त्याशिवाय आपली अनेक प्रकरणं दाबली गेली असती. पण एक नीट लिहिलेला जबाब चार समित्यांनी वापरला तर कोणाचं बिघडतं? प्रशिक्षित थेरपिस्ट पहिल्या भेटीत घटना विचारतच नाही. झोप, जेवण, घरात सुरक्षित वाटतं का, सोबत कोण आहे, इथून सुरुवात करतो. आपल्या कार्यकर्त्यांनी एवढं जरी उचललं तरी पुष्कळ झालं.

जातीचा प्रश्न यात कुठे येतो? थेट येतो. ज्याच्यावर बहिष्कार पडलाय त्याला "तुम्ही जास्त मनाला लावून घेता" म्हणणारा थेरपिस्ट कितीही शिकलेला असो, कामाचा नाही. ती भीती आजार नसते, आरोपी खरोखरच समोरच्या गल्लीत राहत असतो. म्हणून जातीय अत्याचाराच्या किती केसेस हाताळल्या हे विचारावंच. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 15अ मध्ये पीडितांच्या सामाजिक-आर्थिक पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मनाच्या उपचाराची मागणी निवेदनात स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहायला आपण याचाच आधार घ्यावा.

तज्ज्ञ मिळत नाही म्हणून हात टेकायचे का? आपल्याच अमरावती जिल्ह्याचा अनुभव तसं सांगत नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी इथल्या 30 गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. गावपातळीवरचे कार्यकर्ते मानसिक प्रथमोपचार देत, प्रशिक्षित समुपदेशक पुढचं बोलत आणि गंभीर रुग्ण डॉक्टरांकडे जात. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आलेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. हे काम नैराश्यावरचं होतं, अत्याचाराच्या आघातावरचं नव्हे, हा फरक ध्यानात ठेवावा. पण गावातली साधी माणसं, वर तज्ज्ञाचा हात असेल तर, मदतीचा पहिला टप्पा सांभाळू शकतात हे त्यातून दिसलं. शासनाचा 2015 चा 'प्रेरणा प्रकल्पही' अमरावती-अकोल्यासह 14 जिल्ह्यांत आशाताईंच्या भरवशावरच उभा राहिला.

गुप्ततेबद्दलही थोडं. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 23 नुसार उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आपण कार्यकर्ते आहोत म्हणून थेरपिस्टने आपल्याला काही सांगावं अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र मूल अठरा वर्षांखालचं असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सोच्या कलम 19 नुसार कळवावंच लागतं. "कोणालाच सांगणार नाही" असं वचन मुलाला कोणी देत असेल तर त्याला कायदा माहीत नाही.

सुरुवात कुठून करायची? अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग, अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे आपलं इर्विन. रात्री-अपरात्री टेलि-मानस, क्रमांक 14416, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शासकीय मानसिक आरोग्यसेवा मोफत मिळणं हा त्याच 2017 च्या कायद्यातल्या कलम 18 ने दिलेला हक्क आहे. रुग्णालयाच्या खिडकीवर कोणी अडवलं तर कलमाचा नंबर सांगा आणि नकार लेखी मागा.