उस्तादांची दोरी

गेल्या पावसाळ्यात खड्ड्यांतून धावून धावून माझी जुनी मोटार डावीकडे ओढू लागली. स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपली कडेला निघायची. नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना छेदतात. त्या गर्दीतून वाट काढत मी जवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. ग्रीसने माखलेला एक तरुण पुढे आला. "सर, ओळखलं का?"

ओळखलं. माझ्याच वर्गातला. दहावी नापास होऊन तो गॅरेजला लागला, तेव्हा मी त्याच्या अब्बांना म्हणालो होतो, "पोरगं वाया गेलं." हे वाक्य त्याच्या लक्षात आहे की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या मात्र आहे.

त्याचे उस्ताद साठीच्या पुढचे. त्यांनी गाडी पाहिली नाही, आधी टायर पाहिला. तळहात टायरवरून एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत फिरवला. "सर, टायर झूठ नहीं बोलता." मग मलाही हात फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं. म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना समांतर नाहीत, टायर रस्त्यावर घासत चाललाय. टायर नुसता आतल्या किंवा नुसता बाहेरच्या कडेला झिजला, तर चाक उभं असताना कललेलं असतं. पहिल्याला टो म्हणतात, दुसऱ्याला कॅम्बर. तिसरा कास्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून वळण संपलं की हँडल आपोआप सरळ व्हायला बघतं. मोटारीतही तसाच तिरकेपणा असतो.

पण उस्तादांनी लगेच मोजमाप केलं नाही. गाडी जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडून. वर-खाली खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवं हललं तर टाय रॉडचं टोक. माझ्या गाडीचं टाय रॉडचं टोक गेलं होतं आणि लोअर आर्मचे बुश फाटले होते. सांधे ढिले असताना केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. भाग बदलून झाल्यावर त्यांनी भिंतीवरची दोरी काढली. मागच्या चाकांना समांतर अशी ती गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताणून बांधली आणि पुढच्या चाकांचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं. अलाइनमेंटचं मशीन येण्याआधी त्यांनी सगळं याच दोरीवर केलं होतं.

घरी येऊन मी या दोरीचा इतिहास शोधत बसलो. नाशिकरोड स्टेशन ते शहर अशी घोड्यांची ट्राम 1889 साली सुरू झाली होती. तिला सुकाणू लागत नव्हतं, रूळच तिला वळवायचे. बैलगाडीलाही अडचण नाही. दोनच चाकं, दोन्ही कण्यावर मोकळी फिरणारी. खरा पेच चार चाकांचा. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एक घासणारच. जुन्या बग्ग्यांमध्ये पुढचा अख्खा कणाच मधल्या खिळीवर फिरवत. त्याला जागा फार लागे आणि तीव्र वळणावर बग्गी कलंडण्याची भीती असे.

यावर तोड काढली म्युनिकचे बग्गी बनवणारे कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी. कणा जागेवर ठेवून फक्त टोकाची चाकं वळवायची. त्यांच्या वतीने 1818 साली लंडनमध्ये पेटंट घेतलं रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी. जगभरच्या पुस्तकांत या रचनेचं नाव आज 'अ‍ॅकरमन स्टेअरिंग' आहे. चाकं वळवली एकाने, कागद केला दुसऱ्याने, नाव कागदाकडे गेलं. पुढे कार्ल बेन्झ यांनी 1886 साली मोटार आणली ती तीनच चाकांची, कारण पुढची दोन चाकं नीट वळवण्याचा प्रश्न त्यांना अजून सुटला नव्हता. त्याचं पेटंट त्यांनी 1893 मध्ये घेतलं.

माझं मन अडकलं ते त्या कागदापाशी. कारण आपल्याकडे हाताचं इल्म कागदावर उतरवण्याची परंपरा नव्हती असं नाही. 1206 साली दियारबकीरच्या दरबारात अल-जझरी यांनी यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. ते स्वतः कारागीर होते, म्हणून भाग कसा घडवायचा, कसा जोडायचा हे आकृत्यांसह लिहू शकले. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात 'कसबनामे' छापले जात. लोहार, सुतार, विणकर यांच्यासाठीची ही छोटी पुस्तकं. लोहाराचा धंदा हजरत दाऊद यांच्याशी जोडलेला. कसबाला इज्जत आहे, हे ती पुस्तकं कारागिराला सांगत.

मोटार आली आणि ही लेखणी थांबली. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवलं की मोटार दुरुस्तीसारख्या कामांत मुस्लिमांचं प्रमाण जास्त आहे. म्हणजे हात आपले, पण मराठीत किंवा उर्दूत या हातांनी लिहिलेलं पुस्तक मी इतकी वर्षं भाषा शिकवूनही पाहिलेलं नाही. माझ्यासारख्या मास्तरांनी कविता शिकवली, निबंध लिहून घेतले. गॅरेजमधल्या पोराला मात्र लिहिण्यासारखं काही असेल, असं कधी वाटलं नाही.

याची किंमत आता द्यावी लागते आहे. गॅरेजमध्ये मशीन आलंय, त्याचा कागद इंग्रजीत छापून येतो. उस्तादांना तो वाचता येत नाही, शागीर्दाला आकडे कळतात पण शब्द अडतात. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या कोर्सला दहावी लागते. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत हाताने शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, पण त्या परीक्षेतही प्रश्न वाचावे लागतात. वीस वर्षांचं हुनर एका न वाचलेल्या ओळीवर अडू शकतं.

आता शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मी त्या गॅरेजमध्ये बसतो. उस्ताद बोलतात, तो तरुण करून दाखवतो, मी वहीत मराठीत लिहितो, समोरच्या पानावर उर्दूत. बीएड करताना पाठ टाचण लिहायला शिकलो होतो, त्याचा इथे उपयोग होतो आहे. वहीवर नाव उस्तादांचं घातलंय, माझं नाही.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली, "सर्वप्रथम चाकांचा कोन मोजावा." माझ्या विद्यार्थ्याने वही ओढून घेतली आणि ती ओळ खोडली. "सर, पहिले हवा. चारही टायरची हवा सारखी नसेल तर सगळे आकडे खोटे येतात."

मी निमूटपणे तेच लिहिलं.