पिंजऱ्यातला एकटा उंदीर

मराठीत 'एकांत' आणि 'एकाकीपण' ह्या शब्दांची आपण सहसा गल्लत करीत नाही. एकांत माणूस शोधतो. एकाकीपण वाट्याला येते. प्रयोगशाळेतील उंदराला स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवले, तर त्याच्या पदरी ह्यांपैकी काय पडते? ह्या विषयावरील जुने शास्त्रीय लेखन चाळताना आम्हांस जाणवले ते असे की, हा वाद निरीक्षणांपेक्षा अर्थनिर्णयनाचा अधिक आहे.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. १९५०च्या दशकात मन शांत करणारी नवी औषधे आली आणि ती पारखण्यासाठी हमखास भांडणारा प्राणी हवा झाला. एकटा ठेवलेला नर उंदीर परक्या उंदरावर तुटून पडतो, हे तोवर ठाऊक होते. येन, स्टँगर व मिलमन ह्यांनी १९५९ साली ह्याच भांडणावर औषधांची परीक्षा घेतली. एकटेपण येथे केवळ साधन होते.

मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतील लुइजी वाल्झेल्ली ह्यांनी त्याला नाव दिले. १९७३च्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी उंदरांच्या 'विलगता-लक्षणसमूहा'चा उल्लेख केला. नाव पडले आणि वर्तनाचा आजार झाला. (नावाचा असा प्रताप साहित्याच्या वाचकांना नवा नाही.) माद्या मात्र एकट्या ठेवल्या तरी सहसा अशा भांडत नाहीत, आजाराच्या कल्पनेला ही गोष्ट अडचणीची होती.

१९७५ साली पॉल ब्रेन ह्यांनी विचारले: वेगळा पिंजरा म्हणजे उंदराच्या लेखी नेमके काय? आम्हांस हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. घरउंदराचा नर मुळात आपली हद्द राखणारा. मग एकटा नर हा वंचित कशावरून, आपल्या मुलखाचा धनी का नव्हे? उलट कळपातील दबलेल्या नरांना 'सामान्य' मानून तुलना करण्यातच चूक असू शकते.

हा युक्तिवाद बिनतोड मात्र नाही. २०१८ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मोरिएल झेलिकोव्स्की, डेव्हिड अँडरसन व सहकाऱ्यांनी दाखविले की, दोन आठवडे एकट्या ठेवलेल्या उंदरांत आक्रमकतेबरोबर भीतीही वाढते, आणि धोका टळल्यावरही ते दीर्घकाळ थिजून राहतात. त्यांच्या मेंदूत टॅक-२ ह्या जनुकाची क्रियाशीलता वाढलेली आढळली. त्यापासून बनणाऱ्या न्यूरोकायनिन-बी ह्या रेणूचे कार्य ओसानेटंट ह्या औषधाने रोखताच हे परिणाम ओसरले. आपल्या मुलखाचा धनी असा थिजून बसत नाही.

तिकडे युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशाने, निसर्गतः एकटे राहणारे वगळता, प्राण्यांना परस्परांशी जुळणाऱ्यांच्या स्थिर गटात ठेवण्यास सांगितले आहे. 'जुळणारे' कोण, हे नरांच्या बाबतीत सकाळी पिंजऱ्यापाशी जाऊन, कोणाच्या पाठीवर व शेपटीवर चाव्यांच्या खुणा आहेत ते पाहूनच ठरवावे लागते.