सूक्ष्म शैवलांद्वारे वाहितमल संस्करण

वाहितमलातील नायट्रोजन व फॉस्फरस ही पोषकद्रव्ये सूक्ष्म शैवलांच्या वाढीकरिता वापरून ती पाण्यातून काढून टाकण्याची पद्धत. नेहमीच्या द्वितीयक संस्करणाने कार्बनी पदार्थांचे अपघटन होते. ही द्रव्ये मात्र बव्हंशी पाण्यातच राहतात. असे पाणी सरोवरात सोडल्यास तेथे शैवले माजतात व ती कुजताना ऑक्सिजन संपून मासे मरतात.

इतिहास : बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम जे. ऑस्वाल्ड (१९१९–२००५), हॅरल्ड गोटास व त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या सुमारास या विषयाचे पद्धतशीर संशोधन हाती घेतले. ऑक्सिडीकरण तलावातील सहजीवनाचे विवरण त्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. सूक्ष्मजंतू कार्बनी पदार्थांपासून कार्बन डाय-ऑक्साइड व अमोनिया मुक्त करतात. शैवले ती घेऊन प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन सोडतात आणि तो सूक्ष्मजंतूंना मिळतो. या तत्त्वावर त्यांनी उच्च-त्वरा तलाव विकसित केला. सु. ३० सेंमी. खोलीच्या वळणदार चरांतील पाणी वल्ह्यांच्या चाकाने संथपणे फिरते ठेवतात. त्यात क्लोरेला, सेनेडेस्मस इ. शैवले वाढतात. दिवसा पाण्याचे पीएच मूल्य वाढल्याने काही अमोनिया हवेत निघून जातो व काही फॉस्फेट कॅल्शियमाबरोबर अवक्षेपित होते.

प्रारंभी स्वस्त ऑक्सिजन हेच मुख्य उद्दिष्ट होते. पोषकद्रव्यांचा प्रश्न पुढे तीव्र झाला. १९७३ मध्ये कॅनडातील डेव्हिड शिंडलर यांनी ऑंटॅरिओतील एक सरोवर पडद्याने दुभागले. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन आणि एकातच फॉस्फरस घातला. त्या भागात नीलहरित शैवलांचा दाट थर आला.

भारतात नागपूर येथील केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (१९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) स्थिरीकरण तलावांचा अभ्यास करून त्यांच्या अभिकल्पाविषयीचा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध केला.

मर्यादा : शैवलांनी पोषकद्रव्ये शोषली, म्हणजे ती नाहीशी झाली असे नव्हे. पेशी पाण्याबरोबर वाहून गेल्यास त्या पुढे कुजतात व तीच द्रव्ये नदीत परततात. म्हणून शैवलांची काढणी हाच या पद्धतीचा कळीचा भाग होय. पेशी काही मायक्रोमीटर आकारमानाच्या व ऋण विद्युत् भारित असल्याने एकमेकींना दूर सारतात आणि सहजी तळाशी बसत नाहीत. तुरटीसारख्या द्रव्यांनी किलाटन करणे किंवा केंद्रोत्सारण हे उपाय खर्चाचे आहेत. शिवाय तलावांना विस्तीर्ण जागा लागते. उष्ण प्रदेशांत सूर्यप्रकाश विपुल असला, तरी शहरांलगत जमीन दुर्मिळ असते. त्यामुळे लहान गावांना ही पद्धत अधिक सोयीची ठरते. काढलेली शैवले खत म्हणून वापरल्यास पोषकद्रव्ये पुन्हा जमिनीत जातात.