लॅबर्नम म्हणजे बहावा नव्हे

मे महिन्यात इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या वस्तीतून चालत जा. कुठल्यातरी कुंपणावरून पिवळ्याधमक फुलांचे घोस खाली लोंबत असतात आणि आपल्या तोंडून आपसूक निघतं, ‘अरे, बहावा!’ ज्यांच्या गावी बहाव्याच्या फुलांची भाजी होते, त्यांना त्यापुढचा विचारही सुचेल. तो मनातच ठेवा. ते झाड लॅबर्नम आहे. त्याच्या सगळ्या भागांत, बियांत तर सर्वात जास्त, सायटिसिन नावाचं विष असतं. शिजवल्यानं ते जाईल, या भरवशावर राहू नका.

ही गल्लत एकट्या आपली नाही. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी बहावा पाहिला तेव्हा त्यांना घरचं झाड आठवलं, आणि बहाव्याचं इंग्रजी नाव पडलं ‘इंडियन लॅबर्नम’. आजही पुस्तकांत ते सापडतं. म्हणजे त्यांनी आपल्या झाडावर त्यांचं नाव चिकटवलं आणि आपण त्यांच्या झाडावर आपली भाजी चिकटवायला निघालो! नीट पाहिलं तर फरक लपत नाही. लॅबर्नमचं पान तीन दलांचं, फूल वाटाण्याच्या फुलासारखं, शेंग चपटी आणि बोटाएवढी. बहाव्याचं फूल पाच सुट्या पाकळ्यांचं, आणि शेंग काठीसारखी हातभर लांब. पण परदेशात डोळा आधी ओळखीचं शोधतो, फरक नंतर.

2012 मध्ये ब्रिस्टलमध्ये हेच झालं. दुकानात भाजीजवळ ठेवलेले डॅफोडिल चिनी स्वयंपाकातली ओळखीची भाजी समजून काही जणांनी खाल्ले आणि त्यांना उपचार घ्यावे लागले. 2015 मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने सुपरमार्केटांना डॅफोडिल फळं-भाज्यांपासून दूर ठेवायला सांगितलं. बातमी वाचून हसणारे होते. मला हसू आलं नाही, मीही ‘बहावा!’ म्हटलेलं आहे.

एक गोंधळ पुस्तकातला. जुन्या इंग्रजी पाककृतींत ‘मॅरिगोल्ड’ दिसलं की आपण झेंडू वाचतो. ते असतं कॅलेंड्युला. जॉन जेरार्डने 1597 च्या वनस्पतिग्रंथात लिहिलंय, की हॉलंड-जर्मनीकडचे वाणी त्याच्या वाळवलेल्या पाकळ्या पिंपं भरभरून ठेवत, हिवाळ्यात सूपमध्ये घालायला. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, निराळाच. तसंच वाटाण्याचं फूल खाता येतं, ‘स्वीट पी’चं नाही, नावात गोडवा असला तरी ते लाखेच्या डाळीच्या जातीतलं विषारी झाड आहे.

तेव्हा फूल ताटात घेण्याआधी त्याचं वनस्पतिशास्त्रीय नाव पक्कं करा, रूपावर किंवा बोलीतल्या नावावर जाऊ नका. फुलवाल्याकडचा गुच्छ किंवा गार्डन सेंटरमधलं शोभेचं रोप खाण्यासाठी नसतं, त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. बी आणून स्वतः लावलेलं बरं. पहिल्यांदा दोन-चार पाकळ्याच खा, परागाची ॲलर्जी असेल तर तेही नको. आतले केसर आणि मधला दांडा काढून टाका. हे तर आपल्याकडे हादग्याच्या फुलांना करतातच, नाहीतर भाजी कडू होते. चुकून काही पोटात गेलंच, तर 111 ला फोन करा. श्वासाचा त्रास होत असेल, झटके येत असतील किंवा माणूस शुद्धीवर नसेल, तर थेट 999. आणि त्या झाडाची फांदी जपून ठेवा, फेकू नका.

सुरुवात नॅस्टर्शियमपासून करा. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वेलाची चव इंग्रजांना त्यांच्या तिखट ‘क्रेस’ भाजीसारखी लागली, म्हणून ते त्याला ‘इंडियन क्रेस’ म्हणू लागले. इथलं ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचं. जॉन इव्हलिनच्या 1699 च्या सॅलडवरच्या पुस्तकातही तो आहे. हे नाव रूपावरून नाही, चवीवरून पडलं, आणि चव खरोखरच मोहरीच्या घराण्यातली आहे. काकडीच्या कोशिंबिरीत त्याच्या पाकळ्या चुरून घातल्या, की फोडणीची आठवण येत नाही. फक्त फुलामागच्या शेपटीत डोकावून पाहा. काळा मावा तिथेच लपून बसतो.